गुणधर्म पाठ आहेत, पण उदाहरणात वापरता येत नाहीत : सहावीतील मुलीच्या आईंना उत्तर

खानापूर तालुक्यातील एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची मुलगी मराठी माध्यमाच्या शाळेत सहावीत शिकते. बेरीज आणि गुणाकार यांचे गुणधर्म तिला नावांसह पाठ आहेत आणि चाचणीत त्या प्रश्नाचे पूर्ण गुणही मिळतात. मात्र गृहपाठात तिने १२ ÷ (२ + ४) याचे उत्तर ६ + ३ म्हणजे ९ असे लिहिले, ५० − (२० − ५) याचे उत्तर २५ काढले, आणि ९८ × ६ हा सोपा गुणाकार उभा मांडून केला. हे गुणधर्म केवळ परीक्षेपुरते असतात का, आणि तसे नसेल तर ते मुलीला वापरता कसे येतील, असे ताई विचारतात.

ताई, तुमच्या मुलीचे पाठांतर चांगले आहे, त्यात काही कमी नाही. तिला नियम माहीत आहेत, पण प्रत्येक नियम कोठपर्यंत चालतो ते माहीत नाही. हे आपल्याकडील बहुतेक मुलांच्या बाबतीत घडते, आणि त्याचे कारण शिकवण्याच्या पद्धतीत आहे. ३ + ५ = ५ + ३ असे नियम लागू पडणारे एकच उदाहरण देऊन आपण नाव सांगतो आणि पुढे जातो. मुलाला नियम मोडतो कोठे ते दिसत नाही, त्यामुळे तो सगळीकडे लागू पडतो असे त्याला वाटते. बेळगाव तालुक्यात माध्यमिक वर्गांना गणित शिकवताना आठवीत आलेल्या मुलांच्या वह्यांत मी हेच पाहत आलो आहे : नावे बरोबर, विधाने बरोबर, आणि दोनच पानांनंतर त्याच नियमाचा चुकीच्या जागी वापर.

म्हणून मी वर्गात गुणधर्माची ओळख ‘परवानगी’ या शब्दाने करून देतो. एखादे उदाहरण जसे लिहिले आहे तसेच सोडवण्याची सक्ती नसते. उत्तर बदलणार नाही अशी खात्री असेल तर मांडणी बदलता येते. क्रमनिरपेक्षता दोन संख्यांची अदलाबदल करण्याची परवानगी देते, साहचर्य कंस हलवण्याची देते, आणि वितरण एका संख्येचे तुकडे करून प्रत्येक तुकड्यावर वेगळे काम करण्याची देते. परवानगी कोणत्या क्रियेसाठी आहे हे विचारल्याशिवाय ती वापरायची नाही, एवढी सवय लागली की निम्मे काम झाले. (तुमच्या पुस्तकात या गुणधर्मांची नावे थोडी वेगळी असतील तर मुलीने परीक्षेत पुस्तकातीलच नावे लिहावीत.)

पुढे जाण्यापूर्वी दोन गोष्टी घरीच तपासून पाहा, कारण माझा सल्ला त्यांवर अवलंबून आहे. पहिली गोष्ट पाढ्यांची. सात, आठ आणि नऊ यांच्या पाढ्यांत ती अडखळत असेल तर गुणधर्मांचा वापर तिला ओझेच वाटेल, आणि अशा वेळी आधी पाढे पक्के करावेत. दुसरी गोष्ट कंस वाचण्याची. तिला तोंडी असे विचारा : तू पन्नास रुपये घेऊन गेलीस, वहीची किंमत वीस होती, दुकानदाराने त्यातून पाच रुपये कमी केले, तर तुझ्याकडे किती उरले? तिने पस्तीस म्हटले तर तिला व्यवहार कळतो आणि ५० − (२० − ५) या लिखित रूपातील कंसाचा अर्थ तेवढा कळत नाही. मग तोच व्यवहार तिच्याकडून कंस घालून लिहून घ्यावा, म्हणजे ती चूक लवकर जाईल. तोंडीही पंचवीसच म्हणाली, तर मात्र पुढील सर्व गोष्टी सावकाश कराव्या लागतील.

आता क्रमनिरपेक्षतेकडे येऊ. ६ × ९ आणि ९ × ६ समान का, असे विचारल्यावर बहुतेक मुले ‘दोन्हीकडे चौपन्न येतात’ असे सांगतात. ते खरे आहे, पण ते कारण नव्हे. आपल्या भागात रताळ्याची लागवड सर्वांच्या पाहण्यातली आहे, म्हणून मी तेच चित्र काढायला लावतो : सहा वरंबे, प्रत्येकावर नऊ वेल. लांबीच्या बाजूने पाहिले तर नऊ-नऊ वेलांच्या सहा ओळी दिसतात, आडव्या बाजूने पाहिले तर सहा-सहा वेलांच्या नऊ ओळी दिसतात, आणि शेतातील वेल तेवढेच राहतात. सहा आणि नऊ यांच्या जागी कोणत्याही दोन संख्या घेतल्या तरी हा युक्तिवाद तसाच चालतो. उदाहरण आणि कारण यांतील हा फरक मुलीला एकदा समजला की तिचे गणित बदलेल. नियम खरा आहे हे पटवायला कारण लागते, पण नियम खोटा आहे हे दाखवायला एकच उदाहरण पुरते. गुणाकारात क्रम बदलला तरी चालतो हे युक्लिडनेही गृहीत धरलेले नाही. ‘एलिमेंट्स’च्या सातव्या भागातील सोळाव्या विधानात त्याने ते सिद्ध केले आहे. तेव्हा मुलीने ‘का?’ असे विचारले तर तो प्रश्न रास्त आहे असे समजावे.

या परवानगीचा ताबडतोब मिळणारा लाभ पाढ्यांत आहे. २ पासून ९ पर्यंतच्या संख्यांचे परस्परांशी एकूण ६४ गुणाकार होतात, परंतु ७ × ८ पाठ असेल तर ८ × ७ वेगळा पाठ करावा लागत नाही, त्यामुळे लक्षात ठेवायचे गुणाकार ३६ उरतात.

वजाबाकी आणि भागाकार यांना ही परवानगी नाही. ९ − ४ आणि ४ − ९ यांची उत्तरे वेगळी आहेत, तसेच १२ ÷ ३ आणि ३ ÷ १२ यांचीही. हे मुलांना पटते, तरीही ४५ − २८ + ५५ सारख्या उदाहरणात ती गोंधळतात. काही मुले २८ आणि ५५ यांची बेरीज आधी करून ४५ मधून वजा करायला जातात आणि वजाबाकी होत नाही म्हणून थांबतात. येथे मी एक नियम पक्का करून घेतो : संख्या हलवायची असेल तर तिच्या आधीचे चिन्ह तिच्याबरोबर हलले पाहिजे. मग ४५ + ५५ − २८ असे लिहिता येते आणि उत्तर ७२ तोंडी मिळते. यामागचे खरे कारण ऋण संख्या शिकल्यावर उघड होते. २८ वजा करणे म्हणजे (−२८) मिळवणे, आणि सर्व काही बेरीज झाल्यामुळे अदलाबदलीची परवानगी परत मिळते. सहावीच्या मुलीला एवढे सांगून ठेवायला हरकत नाही.

साहचर्याविषयी एक गैरसमज इतका सर्रास आढळतो की त्यावर थोडे थांबतो. क्रम बदलता येतो म्हणजे कंसही हलवता येतो, दोन्ही एकच आहे, असे अनेकांना वाटते, शिक्षकांनाही. तसे नाही. दोन संख्यांची सरासरी काढणे ही क्रिया घ्या. ४ आणि ८ यांची सरासरी ६ आहे, ८ आणि ४ यांचीही ६ आहे, म्हणजे क्रम बदलला तरी चालते. आता ४, ८, १२ या तीन संख्या घेऊन दोन-दोनची सरासरी काढत जा. आधी ४ आणि ८ घेतले तर ६ येतात आणि पुढे ६ व १२ यांची सरासरी ९ येते. आधी ८ आणि १२ घेतले तर १० येतात आणि पुढे ४ व १० यांची सरासरी ७ येते. क्रमाची परवानगी आहे, पण कंसाची नाही. घटक चाचण्यांच्या सरासरीची पुन्हा सरासरी काढून वार्षिक सरासरी ठरवताना होणारी चूक याच जातीची आहे, म्हणून हे उदाहरण मी शिक्षकांच्या बैठकीतही आवर्जून मांडतो.

बेरीज आणि गुणाकार यांना मात्र दोन्ही परवानग्या आहेत. त्यामुळे ३७ × २५ × ४ पाहिल्यावर डावीकडून सुरुवात न करता २५ × ४ = १०० आधी करून ३७०० म्हणता येते. वजाबाकीत कंस हलवला की काय होते हे तुमच्या मुलीच्या उदाहरणानेच दाखवले आहे : ५० − (२० − ५) = ३५, आणि (५० − २०) − ५ = २५. भागाकारातही तसेच : ४८ ÷ (८ ÷ २) = १२, तर (४८ ÷ ८) ÷ २ = ३. ही चार उत्तरे वहीत शेजारीशेजारी लिहून घ्यावीत.

आता वितरण. माझ्या मते शालेय अंकगणितातील सर्वात महत्त्वाचा गुणधर्म हाच आहे, कारण बाकीचे गुणधर्म एकाच क्रियेविषयी बोलतात आणि हा एकटा बेरीज व गुणाकार यांना जोडतो. मुलांना तो केवळ अ × (ब + क) = अ × ब + अ × क या ओळीच्या रूपात भेटतो, आणि आपण तो रोज वापरतो हे त्यांना कोणी सांगत नाही. उभ्या मांडणीचा गुणाकार म्हणजे वितरणच आहे. २४ × १३ करताना आपण २४ × ३ = ७२ आणि २४ × १० = २४० असे दोन तुकडे करून ३१२ मिळवतो. दुसऱ्या ओळीत एकक स्थानी शून्य किंवा फुली का ठेवायची याचे उत्तरही येथेच आहे : ती ओळ १ ने नव्हे, १० ने गुणून आलेली असते.

हे आपल्याकडे जुने ज्ञान आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’त १३५ × १२ हे एकच उदाहरण घेऊन ते अनेक रीतींनी सोडवून दाखवले आहे. १२ चे ८ आणि ४ असे तुकडे केले तर १०८० + ५४० = १६२०. १२ म्हणजे ३ × ४ असे घेऊन आधी एकाने आणि मग दुसऱ्याने गुणले तरी १६२०. येथे साहचर्य कामाला येते. १० आणि २ असे घेतले तर १३५० + २७० = १६२०. आणि १२ ऐवजी २० ने गुणून ८ पट वजा केली तर २७०० − १०८० = १६२०. एकाच गुणाकाराच्या अनेक वाटा दाखवण्याची ही पद्धत मला आजही सर्वोत्तम वाटते. मुलीकडून हे उदाहरण एका संध्याकाळी चारही रीतींनी करून घ्या, आणि प्रत्येक ओळीपुढे ‘कोणती परवानगी वापरली’ ते लिहायला सांगा. अशा एका उदाहरणाने जे साधते ते वेगवेगळ्या दहा उदाहरणांनी साधत नाही.

तुमच्या मुलीची पहिली चूक याच गुणधर्माची हद्द ओलांडल्याने झाली आहे. भागाकारात वितरण एकाच बाजूने चालते. ८४ ÷ ७ करताना ८४ चे ७० आणि १४ असे तुकडे करून १० + २ = १२ म्हणता येते, कारण वाटायची वस्तू दोन हप्त्यांत वाटली तरी प्रत्येकाला मिळणारा एकूण वाटा तोच राहतो. परंतु १२ ÷ (२ + ४) मध्ये तुकडे वाटणाऱ्या वस्तूचे नसून वाटेकऱ्यांचे झाले आहेत. दोन मुले आणि चार मुले मिळून सहा जणांत बारा पेढे वाटले तर प्रत्येकाला दोन मिळतात. तिने काढलेले उत्तर ९ म्हणजे बारा पेढे आधी दोघांत वाटले, पुन्हा दुसरे बारा पेढे चौघांत वाटले आणि दोन्ही वाटे मिळवले, असा अर्थ होतो. हा अर्थ तिला स्वतःला सांगता आला तर ती ही चूक पुन्हा सहसा करणार नाही. केवळ ‘चूक’ असा शेरा लिहून हे साधणार नाही.

हद्द ओलांडण्याचे आणखी दोन प्रकार लक्षात ठेवा. एक, २ × (३ × ४) पाहून (२ × ३) × (२ × ४) असे लिहिणे. कंस दिसला की आत सगळ्यांना गुणायचे अशी सवय लागल्याने हे होते, आणि २४ ऐवजी ४८ येतात. वितरण बेरीज आणि वजाबाकी यांवर चालते, गुणाकारावर नाही. दुसरा प्रकार दोन वर्षांनी येईल, तेव्हा ती (अ + ब) चा वर्ग अ वर्ग अधिक ब वर्ग असा लिहू शकते. (३ + ४) चा वर्ग ४९ आणि ९ + १६ = २५, हे आजच दाखवून ठेवले तरी चालेल.

शून्य आणि एक यांच्याविषयी पुस्तकात जे असते ते सहसा मुलांना अवघड जात नाही, म्हणून मी त्यावर फार वेळ देत नाही. फक्त एक गोष्ट सांगतो : एकाने गुणल्यास संख्या बदलत नाही, या साध्या नियमावर अपूर्णांकांचा समच्छेद उभा आहे. २/३ चे ८/१२ करताना आपण ४/४ ने, म्हणजे एकानेच, गुणलेले असते. उत्तर त्याच संख्यासमूहात राहते का, हा गुणधर्मही तिला पुढे उपयोगी पडेल. पूर्ण संख्यांत ४ − ९ ला उत्तर नाही म्हणून ऋण संख्या आल्या, ३ ÷ १२ ला उत्तर नाही म्हणून अपूर्णांक आले, एवढे कळले तरी सहावीत पुरेसे आहे.

हे केवळ परीक्षेपुरते आहे का, या प्रश्नाला माझे उत्तर स्पष्टपणे नाही असे आहे, आणि त्यासाठी दोन कारणे देतो. पहिले बाजारातील आहे. समजा, बेळगावच्या खडेबाजारात एका साडीची किंमत १००० रुपये आहे, दहा टक्के सूट आहे आणि पाच टक्के कर आहे. आधी सूट घेऊन कर लावला काय किंवा आधी कर लावून सूट घेतली काय, रक्कम ९४५ रुपयेच होते, कारण दोन्ही क्रिया गुणाकाराच्या आहेत आणि गुणाकाराला क्रमाची परवानगी आहे. परंतु सूट दहा टक्के आणि वर सरळ १०० रुपये कमी अशी असेल तर क्रम महत्त्वाचा ठरतो. आधी १०० कमी करून मग दहा टक्के सूट घेतल्यास ८१० रुपये द्यावे लागतात, आणि आधी दहा टक्के सूट घेऊन मग १०० कमी केल्यास ८०० रुपये. गुणाकार आणि वजाबाकी एकत्र आल्यावर ती परवानगी उरत नाही.

दुसरे कारण मला अधिक मोलाचे वाटते. ऋण गुणिले ऋण धन का, हे सातवी-आठवीत मुलांना नुसते पाठ करायला सांगितले जाते, आणि गणितावरचा अनेकांचा विश्वास तेथे उडतो. वितरण हाताशी असेल तर ते सिद्ध करता येते. ४ + (−४) म्हणजे शून्य, म्हणून (−३) × (४ + (−४)) हेही शून्यच असले पाहिजे. वितरणाने तेच (−३) × ४ + (−३) × (−४) असे होते. पहिला भाग −१२ आहे. बेरीज शून्य व्हायची तर दुसरा भाग +१२ असण्याशिवाय गत्यंतर नाही. ज्या मुलीला गुणधर्म वापरता येतात तिला हे चार ओळींत पटते आणि ते कोणाच्या सांगण्यावरून मानावे लागत नाही. आपल्या सीमाभागातील मराठी माध्यमाच्या मुलांना शिकवणीची आणि पूरक पुस्तकांची सोय अनेक गावांत कमी आहे, म्हणून स्वतःच्या कारणाने उत्तर तपासता येण्याची ही ताकद त्यांच्याकडे असावी असे मला फार वाटते.

घरी काय करावे, तर रोज थोडा वेळ पुरेल. एका कागदावर काही विधाने लिहा, त्यांतील काही खरी आणि काही खोटी असू द्या : १८ − ७ = ७ − १८; (४० + ८) ÷ ४ = १० + २; ४० ÷ (४ + ४) = १० + १०; ५ × (२० − १) = १०० − ५; १६ ÷ ४ ÷ २ = १६ ÷ (४ ÷ २). तिने प्रथम उत्तर न काढता खरे की खोटे हे सांगावे, मग उत्तर काढून पडताळावे, आणि शेवटी एका वाक्यात कारण द्यावे. कारण मराठीत, तिच्या स्वतःच्या शब्दांत असू द्या. पुस्तकी वाक्याचा आग्रह येथे धरू नका. काही दिवसांनी अशी विधाने तिनेच तयार करून तुम्हाला विचारावीत. खोटे विधान मुद्दाम रचण्यासाठी नियमाची हद्द नेमकी माहीत असावी लागते, म्हणून हा भाग सोडू नका.

९८ × ६ उभा मांडून केला याबद्दल मात्र तिला बोलू नका, कारण ती रीतही बरोबर आहे आणि ८७ × ४६ सारख्या गुणाकाराला तीच सोयीची पडते. तिला (१०० − २) × ६ = ६०० − १२ = ५८८ ही दुसरी वाट दाखवा, आणि मग तिच्या उभ्या मांडणीवर बोट ठेवून विचारा की ६ × ८ = ४८ मधील हातचा ४ पुढे कोठे गेला, आणि त्या ओळीत ६ × ९० कोठे दिसतो.